चिठ्ठ्या टाकून विद्यार्थ्यांची तपासणी करावी काय ?

शाळा ही विद्या देण्याची जागा आहे, तशीच ती मुलांचें रक्षण करण्याचीही जागा आहे, याविषयीं कोणाचें दुमत होणार नाहीं. आईबाप आपलें लेकरूं सकाळीं शाळेच्या दारांत सोडून निश्चिंत मनानें कामास जातात, तें याच भरंवशावर. परंतु हें रक्षण कोणत्या रीतीनें करावें, असा प्रश्न निघाला म्हणजे मात्र मतें भिन्न होतात. अशाच एका प्रश्नाचा विचार आम्ही या लेखांत करणार आहों. तो प्रश्न असा कीं, गांजा, कोकेन इत्यादि मादक द्रव्यांपासून मुलांस दूर ठेवण्यासाठीं हायस्कुलांनीं, कोणावर संशय असो वा नसो, चिठ्ठी निघेल त्या विद्यार्थ्याच्या लघवीची तपासणी करावी काय ?

हा प्रश्न अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत प्रथम जोरानें पुढें आला आणि तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत दोन वेळां गेला. म्हणून त्याची हकीकत तेथूनच सांगणें योग्य होईल. आपण त्यापासून काय बोध घ्यावा, हें शेवटीं पाहूं.

ओरेगन संस्थानाच्या वायव्य भागांत व्हर्नोनिया नांवाचें एक लहानसें गांव आहे. जंगलांतील लांकूडतोडीच्या धंद्यावर तें पोसलें. १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत तेथील शिक्षकांस असें दिसूं लागलें कीं, मुलांमध्यें मादक द्रव्यांचें सेवन वाढत आहे, वर्गांत उद्धटपणा माजला आहे, आणि शिस्तभंगाचे प्रकार पूर्वीच्या दुपटीहून अधिक झाले आहेत. शाळेनें प्रथम खास वर्ग चालविले, व्याख्यानें करविलीं, वासावरून द्रव्यें हुडकणारा कुत्राही आणून पाहिला. परंतु कशाचाच उपयोग होईना. त्यांतही विशेष हें कीं, सारा गांव ज्यांचें कौतुक करीत असे ते खेळाडूच या नादाचे पुढारी आहेत, असें शिक्षकांचें मत झालें. नशेंत खेळणारा स्वतःस इजा करून घेतो आणि प्रतिपक्षाच्या खेळाडूसही करतो, ही भीति होतीच. तेव्हां पालकांची सभा भरविण्यांत आली, हजर असलेल्या पालकांनीं एकमतानें संमति दिली, आणि १९८९ सालीं तपासणी सुरू झाली.

तिची पद्धति अशी होती. ज्यास शाळेच्या संघांतून खेळावयाचें असेल त्यानें व त्याच्या आईबापांनीं संमतिपत्रावर सह्या करावयाच्या. मोसमाच्या आरंभीं सर्व खेळाडूंची तपासणी होई. पुढें दर आठवड्यास सर्वांचीं नांवें एकत्र करीत, आणि दोन वडील माणसांच्या देखरेखीखालीं एक विद्यार्थी न पाहतां त्यांतून शेंकडा १० नांवें काढी. ज्याचें नांव निघेल त्यानें लघवीचा नमुना द्यावयाचा. कोणी वैद्याच्या सल्ल्यानें औषध घेत असेल तर त्यानें वैद्याची चिठ्ठी आधीं दाखवावयाची. पहिल्या कसोटींत दोष आढळल्यास दुसरी कसोटी घेत. तींतही आढळल्यास पालकांस बोलावीत व विद्यार्थ्यापुढें दोन मार्ग ठेवीत. सहा आठवडे सुधारणेच्या कार्यक्रमास हजर राहून दर आठवड्यास तपासणी द्यावी, अथवा तो मोसम आणि पुढचा मोसम खेळ सोडावा. पोलिसांस मात्र कांहीं कळवीत नसत. शाळेनें हें सर्व हलक्या मनानें किंवा क्रूरपणानें केलें, असें कोणी म्हणूं शकणार नाहीं.

१९९१ सालीं सातव्या इयत्तेंतील एका मुलास फुटबॉल खेळावयाचा होता. त्यावर कोणाचा संशय नव्हता. संशय नसतां आपल्या मुलाची तपासणी कां व्हावी, असें म्हणून त्याच्या आईबापांनीं सही देण्याचें नाकारलें, आणि मुलास खेळतां येईना. प्रकरण न्यायालयांत गेलें. त्या देशाच्या राज्यघटनेंत १७९१ सालीं जी चौथी दुरुस्ती झाली, तिच्या अन्वयें सरकारी अधिकाऱ्यांस सबळ कारणावांचून कोणाच्या शरीराची अगर घराची झडती घेतां येत नाहीं. सरकारी शाळेनें घेतलेली अशी तपासणी ही झडतीच होय, हें न्यायालयानें मान्य केलें. तरीही ता. २६ जून १९९५ रोजीं सहा विरुद्ध तीन मतांनीं निकाल शाळेच्या बाजूनें लागला. न्यायमूर्ति स्कालिया यांनीं लिहिलेल्या निकालाचा मतितार्थ असा कीं, शाळेंत मूल हें शिक्षकांच्या पालकत्वाखालीं असतें. खेळाडू तर कपडे बदलण्याच्या सामाईक खोलींत वावरतात, म्हणून त्यांस खाजगीपणाची अपेक्षा कमीच. आणि मुलांचें रक्षण करण्याची गरज मोठी. उलटपक्षीं न्यायमूर्ति ओकॉनर यांनीं भिन्न मत नोंदविलें. ज्या मुलांचें वर्तन संशयास्पद होतें तीं शिक्षकांस ठाऊक होतीं. मग त्यांचीच चौकशी करण्याऐवजीं सरसकट सर्व निरपराध खेळाडूंस तपासणीच्या रांगेंत कां उभें करावें, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

एकदां दार किलकिलें झालें म्हणजे तें पुढें रुंद होतें. १९९८ सालीं ओक्लाहोमा संस्थानांतील टेकम्से येथील शाळाखात्यानें असा नियम केला कीं, केवळ खेळाडूंनींच नव्हे, तर वर्गाबाहेरील कोणत्याही उपक्रमांत भाग घेऊं इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनीं या तपासणीस तयार असलें पाहिजे. व्यवहारांत हा नियम चढाओढीच्या उपक्रमांस लावीत. गायनमंडळ व बँड हीं देखील त्यांत आलीं. गायनमंडळांत गाणाऱ्या एका हुशार विद्यार्थिनीनें या नियमास हरकत घेतली. गाणें म्हणणाऱ्या मुलीस फुटबॉलच्या मैदानावरील इजेची भीति नाहीं, आणि त्या शाळेंत व्हर्नोनियासारखा अनर्थही माजलेला नव्हता. तथापि ता. २७ जून २००२ रोजीं पांच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमतानें सर्वोच्च न्यायालयानें हाही नियम कायदेशीर ठरविला. न्यायमूर्ति गिन्सबर्ग यांनीं विरुद्ध मत देतांना एक मार्मिक मुद्दा मांडला. जीं मुलें शाळा सुटल्यावर गाण्यांत, वाद्यांत व खेळांत रमतात, तींच या व्यसनांपासून अधिक दूर असतात. तेव्हां तपासणीचा रोख ज्यांस धोका कमी त्यांच्यावर राहतो, आणि ज्यांस धोका अधिक तीं मुलें तिच्या कक्षेबाहेर राहतात.

येथें वाचकांनीं एक भेद लक्षांत ठेवावा. अशी तपासणी शाळेस करतां येईल काय, एवढेंच न्यायालयानें सांगितलें. ती करणें शहाणपणाचें आहे, असें सांगितलें नाहीं. पहिला प्रश्न कायद्याचा आहे, दुसरा शिक्षणाचा. दुसऱ्याचें उत्तर आईबापांनीं व शिक्षकांनींच शोधावयाचें आहे.

तपासणीच्या पुरस्कर्त्यांचें म्हणणें प्रथम नीट ऐकलें पाहिजे. तें म्हणतात, कोंवळ्या वयांतील मेंदूची वाढ पुरी झालेली नसते, म्हणून या वयांत लागलेलें व्यसन अधिक खोल रुजतें. यासाठीं तें जितकें लवकर उघडकीस येईल तितकें बरें. दुसरें असें कीं, बरोबरीचीं मुलें आग्रह करूं लागलीं असतां नुसतें "नको" म्हणणें पुष्कळांस जड जातें. "माझी चिठ्ठी केव्हां निघेल याचा नेम नाहीं," असें सांगतां आलें तर लाजाळू मुलास मित्रांसमोर एक सोयीची सबब मिळते. तिसरें असें कीं, चिठ्ठींत पक्षपात नाहीं. शिक्षकाच्या संशयावर सोडलें तर गरीब, परजातीय किंवा नावडत्या मुलावरच बोट दाखविलें जाण्याचा संभव असतो. हे तिन्ही मुद्दे वजनदार आहेत, आणि त्यांपैकीं तिसरा तर प्रत्येक शिक्षकानें मनांत बाळगण्यासारखा आहे.

परंतु औषधाची परीक्षा गुणावरून करावयाची असते. मिशिगन विद्यापीठांतील संशोधकांनीं १९९८ ते २००१ या वर्षांतील सुमारें ७६,००० विद्यार्थ्यांचीं उत्तरें तपासून २००३ सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, ज्या शाळांत कोणत्याही प्रकारची तपासणी होते व ज्यांत होत नाहीं, त्या दोहोंतील सेवनाच्या प्रमाणांत फरक दिसत नाहीं. ओरेगनमधील खेळाडूंवर दोन वर्षें चाललेल्या व २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगांत, मागील महिन्यांतील सेवनांत फरक पडला नाहीं. मागील वर्षांतील सेवन मात्र चारपैकीं दोन पाहण्यांत कमी आढळलें. पण त्याच मुलांत धाडसी व अविचारी वर्तनाकडे कल वाढलेला दिसला, आणि तपासणीच्या उपयोगावरील त्यांचा विश्वास अखेरीस कमी झाला. तिसरा अभ्यास तेथील सरकारी शिक्षणखात्यानें ३६ हायस्कुलांत करविला व तो २०१० सालीं बाहेर आला. तो तपासणीस कांहींसा अनुकूल आहे, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. तपासणीच्या शाळांत नियमाखालीं येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकीं शेंकडा १६ जणांनीं मागील महिन्यांत सेवन केल्याचें सांगितलें. इतर शाळांतील तशाच विद्यार्थ्यांत हें प्रमाण शेंकडा २२ होतें. तपासणीच्या भयानें मुलांनीं उपक्रम सोडले, असेंही दिसलें नाहीं. मात्र पुढें सेवन करण्याचा विचार आहे काय, असें विचारतां दोन्हीकडील मुलांच्या उत्तरांत फरक नव्हता. आणि नियमाबाहेरील मुलांवर कांहींच परिणाम झाला नाहीं. याचा अर्थ, भयानें कांहीं काळ हात आंखडला, मन मात्र जेथल्या तेथें राहिलें. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें २०१५ सालीं हा सर्व पुरावा पाहून अशी तपासणी सर्रास सुरू करण्यास विरोध दर्शविला, तो याच कारणास्तव.

आतां तपासणीच्या यंत्राकडे वळूं. पहिली कसोटी स्वस्त व झटपट असते. ती एका पदार्थास त्याच्या सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या पदार्थापासून नेहमींच वेगळें ओळखूं शकत नाहीं. सर्दीवरील कांहीं औषधांमुळें ती ॲम्फेटामिन नामक उत्तेजक द्रव्याची खूण दाखवूं शकते. आपल्याकडे दिवाळींत अनारशांवर जी खसखस लावतात, ती अफूच्याच बोंडांतील बीं होय. ती खाऊन नशा येत नाहीं. पण तिच्यावर अफूचा अंश लागलेला असल्यामुळें ती भरपूर खाणाऱ्याच्या लघवींत तो उतरूं शकतो. याच अडचणीमुळें अमेरिकन सरकारनें १९९८ सालीं आपल्या नोकरांच्या तपासणींतील अफूवर्गाची मर्यादा दर मिलिलिटरास ३०० नॅनोग्रॅमवरून २,००० नॅनोग्रॅमवर नेली.

आमच्या विद्यार्थी वाचकांसाठीं एक साधें गणित देतों. समजा, एका शाळेंत १,००० मुलें आहेत व त्यांपैकीं २० मुलें मादक द्रव्य घेतात. कसोटी इतकी चांगली आहे कीं, घेणाऱ्या २० पैकीं १९ जणांस ती पकडते, आणि न घेणाऱ्यांच्या बाबतींत शंभरांत दोनदांच चुकते. न घेणारीं मुलें ९८०. त्यांच्या शेंकडा २ म्हणजे सुमारें २०. तेव्हां कसोटींत एकंदर ३९ मुलें दोषी दिसतील, आणि त्यांपैकीं २० निर्दोष असतील ! कसोटी चांगली असूनही असें कां झालें ? घेणारे थोडे व न घेणारे पुष्कळ, म्हणून. ज्यांच्याविषयीं कांहीं कारण आहे अशांचीच तपासणी केली, तर हें प्रमाण पुष्कळ सुधारतें. पदार्थाचे घटक निरनिराळे करून ओळखणाऱ्या मोठ्या यंत्रावर दुसरी कसोटी घेतली म्हणजे बहुतेक चुका निघून जातात, हें खरें. परंतु त्यास पैसा लागतो व दिवस लागतात; आणि तेवढे दिवस त्या वीस निर्दोष घरांत जेवण गोड लागत नाहीं.

याहून मोठी अडचण पुढेंच आहे. गांजाची खूण लघवींत कित्येक दिवस, नेहमीं ओढणाऱ्याच्या बाबतींत कित्येक आठवडे, राहते. दारू मात्र थोड्या तासांत निघून जाते. तेव्हां चतुर मुलगा गांजा सोडून दारूकडे वळला, तर कागदावर तो निर्दोष ठरेल. आपल्या देशांत तर आणखी एक गोष्ट आहे. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणींत असें दिसून आलें कीं, हुंगण्याचीं द्रव्यें हा एकच वर्ग असा आहे कीं ज्यांत मुलांचें प्रमाण मोठ्या माणसांहून अधिक आहे. कागदावरील चूक झांकण्याचें पांढरें द्रव, चिकटविण्याचें सोल्यूशन, रंग पातळ करण्याचें थिनर हीं तीं द्रव्यें. तीं कोणत्याही दुकानांत मिळतात, आणि लघवीच्या नेहमींच्या तपासणींत तीं सांपडत नाहींत. म्हणजे जो धोका येथील मुलास सर्वांत जवळचा, तोच या चाळणींतून गळून जातो.

आणि चाळणींत जो सांपडला त्याचें पुढें काय ? बहुधा त्याचा खेळ बंद, त्याचें गाणें बंद. संध्याकाळचे जे दोन तास तो मास्तरांच्या नजरेखालीं व चांगल्या सोबतींत घालवीत होता, ते आतां रिकामे झाले. ज्या मुलाचा पाय घसरला आहे त्याच्या हातांतील दोर आपणच काढून घ्यावा, तशांतला हा प्रकार होय. तशांत अपस्मारासारख्या रोगावर किंवा मनाच्या दुखण्यावर औषध घेणाऱ्या मुलास तें गुपित शाळेच्या माणसांपुढें उघडें करावें लागतें. आणि ज्यांनीं कांहींच केलेलें नाहीं, त्यांच्या मनावर काय उमटतें ? शिक्षकानें आपल्या शब्दावर विश्वास ठेवला नाहीं, हें. अडचणींत सांपडलेलें मूल ज्याच्याकडे आपण होऊन जातें तो शिक्षक, आणि ज्याच्यापासून तें लपतें तो शिक्षक, हे एकाच माणसास एकाच वेळीं होतां येत नाहीं.

मग शाळेनें हातावर हात ठेवून स्वस्थ बसावें काय ? मुळींच नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, चिठ्ठीपेक्षां डोळा बरा. जो मुलगा कालपर्यंत हंसतखेळत होता तो एकाएकीं मुका झाला, ज्याचे गुण घसरले, जो पैसे मागूं लागला किंवा घरांतून पैसे नाहींसे होऊं लागले, ज्याच्या कपड्यांस थिनरचा वास येतो, त्यास वर्गशिक्षकानें एकांतांत जवळ बसवून विचारपूस करावी. वर्गासमोर कधींही नाहीं. एकट्याच्या संशयावर निर्णय न घेतां दुसऱ्या एका अनुभवी शिक्षकाचें मत घ्यावें, म्हणजे वर सांगितलेल्या पक्षपातास आळा बसेल. नंतर पालकांस बोलवावें. कसोटी घेणें जरूर वाटल्यास ती वैद्यानें, मुलाच्या व पालकांच्या संमतीनें, उपचाराचा एक भाग म्हणून घ्यावी. तिचा निकाल शाळेच्या दप्तरांत शिरूं नये, आणि त्यावरून खेळ अगर गाणें बंद होऊं नये.

आपल्या देशांतील कायदाही याच दिशेस बोट दाखवितो. ता. १४ डिसेंबर २०१६ रोजीं भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें मुलांच्या व्यसनांविषयीं देशव्यापी पाहणी व योजना करण्याचा आदेश सरकारास दिला. ता. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं नऊ न्यायमूर्तींच्या पीठानें खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचें एकमतानें सांगितलें. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यांतही, जो व्यसनी माणूस स्वतः होऊन उपचारास जातो त्यास अल्प प्रमाणाच्या गुन्ह्याबद्दल खटल्यापासून अभय मिळण्याची तरतूद आहे. कायद्याचा खरा बडगा मोठ्यांसाठीं आहे. मुलाच्या हातीं दारू अगर अंमली पदार्थ देणाऱ्यास २०१५ च्या बालन्याय कायद्यानें सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगितली आहे. आणि २००३ च्या कायद्याप्रमाणें शाळेपासून १०० यार्डांच्या आंत तंबाखू विकण्यास मनाई आहे. आमच्या पालकांनीं शाळेच्या आवाराबाहेरील टपऱ्यांकडे एकदां चालत जाऊन पाहावें. मुलाची लघवी तपासण्याआधीं तो १०० यार्डांचा रस्ता तपासणें अधिक फलदायी होईल.

पुण्यास डॉ. अनिता अवचट व डॉ. अनिल अवचट यांनीं १९८६ सालीं सुरू केलेलें मुक्तांगण व्यसनमुक्ति केंद्र महाराष्ट्रास परिचित आहे. व्यसन हा आजार आहे व व्यसनी हा रुग्ण आहे, त्यास लाज आणून नव्हे तर माणूस म्हणून वागवून बरें करतां येतें, हें त्या घरानें दाखवून दिलें. मोठ्यांस जें लागू तें मुलांस शतपट लागू.

विद्यार्थी मित्रांस आमचें एकच सांगणें आहे. तुमच्या सोबत्याचा पाय घसरत असलेला तुम्हांस शिक्षकांच्याही आधीं दिसतो. तें सांगणें म्हणजे चहाडी नव्हे. बुडणाऱ्यासाठीं हांक मारण्यास कोणी चहाडी म्हणत नाहीं. आणि पालकांस विनंति ही कीं, मुलानें धीर करून खरें सांगितलें तर तो दिवस शिक्षेचा करूं नका. नाहीं तर तें पुन्हां कधींच सांगणार नाहीं.

शुभवर्तमानांतील मेंढपाळाची गोष्ट आमच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहे. शंभरांतील एक मेंढरूं हरवलें, हें त्यास कळलें. कारण तो आपल्या मेंढरांस ओळखीत होता. तें सांपडल्यावर त्यानें त्यास कळपाबाहेर घालविलें नाहीं, तर खांद्यावर घेऊन घरीं आणलें. ज्या शाळेस आपलीं मुलें अशीं ओळखतां येतात, तिला चिठ्ठ्या टाकण्याची गरज पडणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.